उन्हात पाहिलेला दगड

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा ठरला तो आईच्या डोळ्यांमुळे. बाहेर मात्र आम्ही वेगळं सांगत होतो. कडप्प्याचे पोपडे निघतात, बेसिनखाली पाणी मुरतं, असं काहीतरी. त्यात खोटं काही नव्हतं. पण पोपडे मी शाळेत असल्यापासून निघत होते आणि त्यापायी कुणी कधी मिस्त्री बोलावला नव्हता.

आईला काचबिंदू आहे. तो उशिरा कळला. कळेपर्यंत तिची कडेकडेची नजर गेली होती आणि समोरचं जे उरलं होतं तेही फिकट झालं होतं. "सगळ्यावर साय धरल्यासारखं दिसतं," ती म्हणायची. नगरच्या डॉक्टरांनी पप्पांना समजावलं की गेलेली नजर परत येत नाही, थेंब नेमाने घालायचे आणि उरलेली राखायची. पप्पांनी तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारला. आईने एकही विचारला नाही. ती पर्सची चेन उघडत-लावत बसली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "डॉक्टरांचा शर्ट छान होता ना? निळा?" शर्ट करडा होता. मी हो म्हणाले.

मी पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. त्या भेटीनंतर घरून काम करायची परवानगी मागितली आणि श्रीरामपूरला परत आले. माझा लॅपटॉप डायनिंग टेबलावर असतो आणि तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं. मला लहानपणापासून बोलणं फारसं जमत नाही, पण माझं लक्ष असतं. त्यामुळे पप्पांच्या ध्यानात न येणाऱ्या गोष्टी माझ्या ध्यानात येत होत्या. आई डबा उघडला की आधी वास घ्यायची. कढईचा कान धरण्याआधी तिचा हात शेगडीवर हवेत फिरायचा आणि आच लागेल तिथे थबकायचा. ओटा काळ्या कडप्प्याचा, त्यावर काळा तवा, काळी कढई, काळ्या मुठीची सुरी. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत, त्यामुळे भर दुपारीही ट्यूब लावावी लागते.

एका सकाळी तिने फोडणीचं तेल कढईच्या बाहेर ओतलं. ते शेगडीवर पडलं आणि जाळ उठला. शेजारी ठेवलेलं फडकं पेटलं. मी गॅस बंद केला आणि फडकं बेसिनमध्ये टाकलं. पप्पा बादलीतलं पाणी घेऊन येईपर्यंत ते विझलं होतं. कुणाला काही झालं नाही. तरी पप्पांनी आणलेलं पाणी फडक्यावर ओतलं.

"बास झालं," ते म्हणाले. "उद्यापासून स्वयंपाकाला बाई. तू नुसतं बसून सांगायचं."

"बसून सांगायला मी काय तुमच्या कारखान्यातला साहेब आहे का?"

"मग काय जळून घेणार आहेस?"

"फडकं जळलं. मी नाही जळले." आईने ओट्यावर हात टेकला होता, तेलाच्या अगदी शेजारी. "या काळ्या दगडावर मला काही दिसत नाही, तुम्हाला कितीदा सांगितलं. मला दिसेल असा ओटा करून द्या. त्याच्यावरही नाही जमलं, तर आणा तुमची बाई. मी एक शब्द बोलणार नाही."

पप्पांनी ते मान्य केलं. नाकारणं त्यांना जमलंच नसतं. पप्पा साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना चहासुद्धा करता येत नाही. पण फक्त त्यांच्या जेवणाचा प्रश्न नव्हता. गावाकडचं कुणी इथे दवाखान्यात ऍडमिट असलं की डबा आमच्या घरून जायचा. नात्यातलं असो, नात्यातल्याच्या ओळखीचं असो. आई कुणाच्या घरी फार जात नसे, फोनवरही चार वाक्यांत संपवायची. पण तिचा डबा गावातल्या सगळ्या दवाखान्यांत जाऊन आला होता. दवाखान्यातून घरी जाताना माणसं रिकामे डबे द्यायला यायची आणि दारात उभी राहून तिच्याशी बोलायची. स्वयंपाकघर गेलं असतं तर हेही गेलं असतं. आम्हाला तिघांनाही ते माहीत होतं.

नजर कमी झालेल्या माणसांच्या स्वयंपाकघराबद्दल मी इंटरनेटवर बरंच वाचलं. सगळीकडे साधारण एकच सांगितलं होतं. ओटा एका रंगाचा हवा. चमकणारा नको, कारण चमक डोळ्यांत जाते. आणि नक्षी नको, ठिपके नकोत, कारण त्यात वस्तू हरवतात. मी जेवताना हे सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं. आई म्हणाली, "त्या लोकांना भाकरी करायची असते का?"

गावातल्या दुकानातून मी दगडांचे नमुने आणले, तळहाताएवढे तुकडे. एक पांढरा क्वार्ट्झ, एक साधा राखाडी, एक काळा ग्रॅनाइट, पॉलिश न केलेला. ते टेबलावर मांडले आणि प्रत्येकावर चिमूट चिमूट काहीतरी ठेवलं: मोहरी, मीठ, मसूर डाळ.

"यावर काय आहे सांग."

आईने बोट फिरवलं. "मोहरी."

"हात न लावता सांग ना."

"स्वयंपाक काय हात न लावता करतात?"

तरी ती वाकली. मान थोडी तिरकी करून, जिथून अजून दिसतं त्या फटीत तो तुकडा आणायचा प्रयत्न करत. पांढऱ्यावर तिला मोहरी लगेच दिसली, मीठ दिसलं नाही. काळ्यावर मीठ दिसलं, मोहरी नाही. राखाडीवर तिने थोडा वेळ घेऊन तिन्ही गोष्टी सांगितल्या.

"राखाडी घेऊ या मग," मी म्हणाले.

"हा? हा तर सिमेंटचा कोबा वाटतोय. आणि हा पांढरा दवाखान्यातला. तिथे जेवण करायचंय का ऑपरेशन?"

पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. आईलाही बरं वाटलं असावं, कारण तिने तोच विनोद जरा बदलून पुन्हा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परीक्षा घेतेस होय माझी? इंग्लिश मीडियमला घातलं ते यासाठीच." आणि सगळं तळहातावर गोळा करून ती आत गेली. काळ्या तुकड्यावरची मोहरी तिथेच राहिली होती.

पुढच्या रविवारी आम्ही राहुरीच्या बाजूला एका ग्रॅनाइटच्या यार्डात गेलो. पप्पा गाडी चालवत होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आम्ही इतके रेंगाळलो की पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. यार्ड म्हणजे उघडं मैदान. तिरक्या लोखंडी घोड्यांना टेकवून दगडाच्या कापलेल्या मोठमोठ्या लाद्या उभ्या केलेल्या, तिथे त्यांना पत्रे म्हणतात; सगळ्यांवर धुरळा. मालक मूळचा राजस्थानचा, पण बोलणं इथलंच झालेलं. तो पप्पांना साहेब, मला ताई आणि आईला काकी म्हणत होता. तिथली पद्धत अशी की धुरळ्यात दगडाचा रंग कळत नाही, म्हणून कामगार मगाने पाणी मारतो. पाणी पडलं की दगड एकदम जागा होतो. गिऱ्हाईक तेवढ्यात पाहून घेतं.

दोन-चार पत्रे पाहून झाले. आई काळा चष्मा घालून, माझ्या दंडाला धरून चालत होती. मग एका तांबूस पत्र्यावर पाणी पडलं आणि तिने माझा हात सोडला.

"यात ठिपके आहेत," ती म्हणाली.

तिने चष्मा काढला. दगडाजवळ गेली आणि एका ठिपक्यासमोर बोट धरलं, न टेकवता. "हा काळा. हा राखाडी आहे. हा गुलाबीसारखा आहे ना? आणि मधे काहीतरी चमकतंय, अभ्रकासारखं."

मी प्रत्येक ठिपका पाहिला. प्रत्येक बरोबर होता.

"शेजारचा हिरवट," ती म्हणाली. तो हिरवट होता. "त्याच्या पलीकडे पांढरा, त्यात काळ्या रेघा." होत्या. पप्पा तिच्या मागे उभे होते. त्यांनी रुमाल काढून आपलाच चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. कामगाराला वाटलं गिऱ्हाईकाला पसंत पडलं, त्याने आणखी दोन मग पाणी मारलं. आईच्या साडीवर शिंतोडे उडाले. तिने ते झटकलेसुद्धा नाहीत.

"हाच घ्यायचा," ती म्हणाली.

"आई, पण याला ठिपके आहेत. वस्तू सापडायच्या नाहीत यात."

"मला ठिपका दिसतोय. मग वाटी नाही दिसणार?"

पप्पा हळू आवाजात मला म्हणाले, "तिला दिसतंय गं. आपल्याला अजून काय पाहिजे?"

मालक पुढे झाला. "एक नंबर पीस आहे ताई. घरातल्या बायकांना हाच लागतो. तेल सांडू द्या, हळद सांडू द्या, डाग म्हणून दिसायचा नाही. दिवसभर फडकं घेऊन बसायला नको."

मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे बारीक करून ती दगडाकडे बघत होती, ऊन सरळ तिच्या कपाळावर. मलाही त्या क्षणी वाटलं की इंटरनेटवर लिहिणाऱ्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही. डॉक्टरांनीही तिला अंधाऱ्या खोलीतच तपासलं होतं. काय दिसतं आणि काय नाही ते तिचं तिलाच माहीत.

परतताना ती पुढच्या सीटवर बसली आणि काय दिसतं ते सांगत राहिली. ट्रॉली. पिवळा बोर्ड. शेळ्या. त्या शेळ्या नव्हत्या, रस्त्याकडेला रचलेली पोती होती. पप्पा म्हणाले, "हो, शेळ्याच."

ओटा बसवायला आलेला मिस्त्री बडबड्या होता. त्याने आधी जुना ओटा फोडला. घर धुळीने भरलं. कडप्प्याचे तुकडे मागच्या अंगणात रचले गेले आणि त्या जागी भिंतीवर एक उघडी, ओबडधोबड पट्टी राहिली. मग त्याने आईला बोलावलं.

"काकू, हितं उभ्या ऱ्हावा. सैपाक चप्पल घालून करता का बिनचपलेचा?"

"बिनचपलेचा."

"मंग काढा चप्पल. आता कोपर वाकवा. आसं." कोपराच्या खाली चार बोटं मोजून त्याने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली आणि जुन्या ओट्याच्या खुणेकडे पाहिलं. "आधीचा कुनाच्या मापाचा हुता वं? लईच बुटका हाय."

"कुणाच्याच नाही. घर घेतलं तेव्हा होता तसा घेतला."

"म्हंजी इतकी वर्सं वाकूनच केलं व्हय?"

"वाकूनच."

"आता करा ताठ उभं ऱ्हाऊन. जावईबापूंला पुरनपोळी करायची आसंल." हे माझ्याकडे बघून. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. आई म्हणाली, "आधी जावई तरी शोधून आणा. ही तर कुणाशी बोलतच नाही." मिस्त्री म्हणाला की कमी बोलणाऱ्या बायका लाखात एक असतात आणि आपल्याला मात्र उरलेल्यातली मिळाली. आई खूप हसली. त्या आठवड्यात ती खूपदा हसली.

ओटा बसला. आईच्या मापाचा, ताठ उभं राहून काम करता येईल असा. नव्या ओट्यावर पहिल्यांदा दूध उतू घालवायचं म्हणून तिने आंघोळ करून नवी साडी नेसली, गॅसला हळदकुंकू लावलं, पातेलं ठेवलं. आम्ही दोघं मागे उभे होतो. दूध वर येऊ लागलं. मला ते दिसत होतं. आई वाकून पाहत होती, पण तिचे डोळे पातेल्याच्या थोडे डावीकडे होते. दूध काठाशी आलं, फुगलं, बाहेर आलं, आणि शेगडीवर चर्र झालं तेव्हा ती दचकली.

"गेलं ना उतू?"

"गेलं," पप्पा म्हणाले. "छान गेलं."

ते जाणारच होतं, त्या दिवशी ते जायलाच हवं होतं, म्हणून कुणाला काही बोलावं लागलं नाही. दूध दगडावर पसरलं. आईने फडकं फिरवलं. जिथे तिचा हात पोचला तिथलं पुसलं गेलं, बाकीचं ठिपक्यांमधून वाहत बेसिनपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "दगड तोच आणलाय ना त्यांनी?"

"म्हणजे?"

"नाही, तो लाल होता. यात गुलाबी काही नाही. बदलला असेल. हे लोक करतात तसं."

पप्पांनी हे ऐकलं आणि त्यांना एकदम जोर आला. त्यांनी यार्डात फोन लावला. मालक आधी नीट बोलत होता, मग चिडला. "साहेब, मी धंदा करतो, चोरी नाही करत." पप्पांचा आवाज चढला. ते कधी कुणाशी असं बोलत नाहीत. मला वाटतं, दगड बदललेला निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग दुसरा आणून बसवता आला असता.

माझ्या मोबाईलमध्ये यार्डातला फोटो होता. त्या पत्र्याच्या एका कडेला काळ्या ठिपक्यांचा पुंजका होता, चिंचोक्याएवढा. मी फोटो मोठा केला आणि ओट्यावर शोधलं. बेसिनच्या कोपऱ्यात तो पुंजका होता. शेजारची गुलाबी शीरही होती. ट्यूबच्या उजेडात ती तपकिरी दिसत होती. मी पप्पांना फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, दगड पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मग जाऊन फोनवर मालकाची माफी मागितली.

आईला त्यांनी सांगितलं, "तोच आहे गं. उजेडाचा फरक."

संध्याकाळी ते बाजारातून मोठा एलईडी घेऊन आले आणि ओट्यावरच्या फळीखाली लावून घेतला. तो लागला तशी पॉलिश केलेल्या दगडावर पांढरी झळाळ उठली. आईने डोळ्यांवर हात धरला. "बंद करा, काहीच दिसेना." तो पुन्हा कधी लावला नाही.

त्यानंतरचे दिवस मी टेबलावरून पाहिले. आईने तक्रार केली नाही. तिने शब्द दिला होता. ओट्यावर ठेवलेली गोष्ट तिला सापडायची नाही, मग ती तळहात सपाट करून दगडावरून फिरवायची, हौदात पडलेलं काही शोधावं तशी. वाटीला धक्का लागून ती सांडली की नुसतं "च्च" करायची. मग तिने एक युक्ती काढली. सगळं एका मोठ्या ताटात ठेवायचं, म्हणजे काठाच्या आत शोधायचं. सुरी, लसूण, मिरच्या, जिऱ्याची वाटी, सगळं ताटात. तिला स्वयंपाकाला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला. ती पहाटे उठू लागली. पप्पा पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायचे आणि पाणी पिऊन झाल्यावरही तिथेच उभे राहायचे.

"काय हवंय?" ती विचारायची.

"काही नाही."

"मग बाहेर उभे राहा. उजेड अडतोय."

ओट्यावर काय काय राहून जायचं ते मला दिसायचं. सांडलेलं पीठ, डाळीचे थेंब, टोमॅटोच्या बिया. आई रोज ओटा धुवायची, पहिल्यापेक्षा जास्त वेळ धुवायची, पण फडकं जिथे जाईल तिथेच जायचं. ती आंघोळीला गेली की मी उठून बाकीचा पुसून घ्यायचे आणि ती यायच्या आत जागेवर येऊन बसायचे.

नाताळात शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. दरवर्षी येतात. करंज्या, शंकरपाळी, घरी केलेल्या केकचे चौकोन. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळात त्यांचं आमच्याकडे. मी सकाळपासून ऑफिसच्या कॉलवर होते, कानाला हेडफोन. काकू दारातूनच म्हणाल्या, "बघू तरी वहिनी तुमचा नवा ओटा. सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं मशीन."

आई खुश झाली. "या ना, या. उंची बघा, माझ्या मापाची केलीय."

काकूंनी ताट ठेवलं आणि दगडावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. बेसिनपासून गॅसकडे. मधे त्यांचा हात थांबला. तिथे वाळलेली कणीक होती, आदल्या रात्रीची असावी. तिच्या शेजारी वरण सांडून सुकलेलं. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची ओळ निघून तिथे आली होती. काकूंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा भारी. येते मी, ओव्हनमध्ये दुसरा केक आहे."

इतक्या लवकर त्या कधी जात नाहीत.

आई कुणाच्याही घरून आली की पहिल्यांदा त्यांच्या ओट्याबद्दल बोलायची. घर कसलं, माणसं कशी, ते नंतर. "ओटा इतका लख्ख, की त्यावरच जेवावं," किंवा नुसतंच, "ओटा पाहिला नाहीस तू त्यांचा." काकूंची पावलं फाटकाबाहेर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मी हेडफोन काढला.

"ओटा घाण होता का?"

मी हेडफोन टेबलावर ठेवला.

"खरं सांग." ती माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होती.

"हो."

"कुठे?"

मी तिचा हात धरला आणि त्या जागेवर नेला. तिने वाळलेली कणीक चाचपली. नखाने खरवडली. मुंग्या बोटांवर चढल्या तेव्हा तिने हात झटकला आणि नळाखाली धरला.

"रोज असतो असा?"

"मी पुसते."

"कधी?"

"तू आंघोळीला जातेस तेव्हा."

"म्हणजे मी आंघोळीला गेले की घरात चोर येतो." ती थोडंसं हसली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "त्यांचं ताट रिकामं नको पाठवूस. डब्यातले तिळाचे लाडू घाल चार."

रात्री जेवताना तिने पप्पांना सांगितलं, "त्या बाईंना विचारा, कधीपासून येतील."

पप्पांचा घास हातातच राहिला. "कुठल्या?"

"स्वयंपाकाच्या. दुसऱ्या कुठल्या?"

"अगं, एवढ्यात कशाला? आपण दगड बदलू. ही म्हणत होती तसा आणू, एका रंगाचा. चार दिवसांचं तर काम."

"दगडाचं काय चुकलंय?"

"चुकलं असं नाही. पण..."

"अहो, मला तिथे उन्हात दिसलं, तेवढंच. घरात कुठलाच दगड दिसायचा नाही मला आता. साय दाट होत चाललीय." तिने वरणात भात कालवला. "मी बोलले होते ना, एक शब्द बोलणार नाही म्हणून. तुम्हीपण बोलू नका."

पप्पा जेवण अर्धं टाकून उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. तिथे कडप्प्याचे तुकडे अजून रचलेले होते.

बाई नवीन वर्षाच्या सुरुवातीला आल्या. मध्यम वयाच्या, हात झपाट्याचा, स्वभावाने चांगल्या. नवा ओटा त्यांना आवडला. "काकू, लई भारी हाय वटा," त्या म्हणाल्या. आई हॉलमध्ये खुर्चीत बसलेली असायची, थेंब घालून, डोळे मिटून. पहिले काही दिवस आतून सारखी विचारणा व्हायची.

"काकू, मीठ कुठंय?"

"गॅसच्या वर, पहिल्या फळीवर. उजवीकडून दुसरा डबा."

"कांदा-लसूण मसाला?"

"त्याच्या मागे. बरणीचं झाकण घट्ट आहे, फडकं धरून उघडा."

"भाकरीला तुमी पीठ चाळता का तसंच?"

"चाळून."

आई हे सगळं न अडखळता सांगायची, आणि मला जाणवायचं की ती पुढच्या प्रश्नाची वाट बघतेय. हळूहळू प्रश्न कमी झाले. बाईंना घर कळलं. भाकरी चांगली व्हायची, भाजीही. पप्पा खाली मान घालून जेवायचे. चव कशी आहे ते सांगायचे नाहीत, आणि आई विचारायची नाही. ओटा सकाळ-संध्याकाळ स्वच्छ असायचा. गावाकडचे एक काका दवाखान्यात होते, त्यांना डबा गेला. नेणारा दारातूनच घेऊन गेला. रिकामा डबा परत आला तो बाईंच्या हातात.

एका दुपारी बाई काम आटोपून गेल्या होत्या आणि पप्पा झोपले होते. आई आत गेली. तिला लिंबाचं सरबत करून घ्यायचं होतं, त्याला गॅस लागत नाही. मी कॉलवर होते. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. मग दुसरं झाकण. मग तिसरं. फळीवरून डबे सरकल्याचा आवाज. मी माईक बंद केला आणि ऐकत राहिले. थोड्या वेळाने ती दारात आली, हातात अर्धं लिंबू.

"साखर कुठे ठेवतात गं त्या आता?"

मी उठून आत गेले. फळीवरचे डबे बाईंनी आपल्या सोयीने लावले होते, रोजचे खाली, बाकीचे वर. मीही एकेक उघडून पाहिला. रवा, पोहे, शेंगदाणे, उडीद डाळ. साखर मलाही सापडली नाही. आई माझ्या मागे उभी होती आणि प्रत्येक झाकणाच्या आवाजाला मान किंचित पुढे करत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या बाई आल्या की विचारते."

तिने ओटा चाचपून लिंबू त्यावर ठेवलं आणि भिंतीला हात लावत हॉलमध्ये गेली.